आर्ने लार्सन : अंगात पेसमेकर बाळगणारा पहिला मनुष्य

हृदयाचा ठोका आपोआप पडत असतो, म्हणून निरोगी मनुष्यास त्याची आठवणही होत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक लहानशी गाठ आहे. तीत विजेची अगदी सूक्ष्म लहर उत्पन्न होते व ती वरून खाली उतरली म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते. मोठ्या माणसाच्या ठायी ही क्रिया विसाव्याच्या वेळी मिनिटास बहुधा ६० ते १०० वेळा घडते. परंतु काही रोगांत ही लहर खाली उतरण्याची वाट बंद पडते. मग खालचे कप्पे आपल्याच मंद गतीने, मिनिटास तीस-चाळीस वेळाच चालतात, आणि मधूनमधून काही क्षण अजिबात थांबतात. मेंदूस रक्त न पोचल्यामुळे मनुष्य उभ्याउभ्या कोसळतो. कधी हातपाय झाडतो. हृदय पुन्हा चालू झाले तर शुद्धीवर येतो, न झाले तर तेथेच संपतो. अशा झटक्यास मिरगी समजून किंवा बाहेरची बाधा समजून भलतेच उपचार करीत बसणारी माणसे सर्व देशांत झाली आहेत. आयर्लंडातील डब्लिन शहरचे दोन वैद्य, रॉबर्ट ॲडम्स व विल्यम स्टोक्स, ह्यांनी अनुक्रमे १८२७ व १८४६ साली ह्या झटक्यांचा संबंध हृदयाच्या मंदगतीशी असल्याचे लिहून ठेवले. तथापि रोग ओळखता आला तरी त्यावर भरवशाचा इलाज पुढे शंभर वर्षे सापडला नाही. तो इलाज ज्याच्या शरीरात प्रथम बसविण्यात आला त्या गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आर्ने लार्सन हे युरोप खंडाच्या उत्तरेकडील स्वीडन देशचे राहणारे. त्यांचा जन्म २६ मे १९१५ रोजी झाला. ते विजेच्या उपकरणांचे जाणकार इंजिनियर होते. त्यांचा संसार सुखाने चालला असता एका संसर्गजन्य तापाने त्यांच्या हृदयास सूज आली, व त्या सुजेमुळे वर सांगितलेली वाट बंद पडली. १९५८ साली ते राजधानी स्टॉकहोम शहरानजीक सोलना येथील कॅरोलिन्स्का इस्पितळात कित्येक महिने पडून होते. एका दिवसात वीस-वीस, तीस-तीस झटके येत, आणि प्रत्येक झटक्यास त्यांस पुन्हा सावध करावे लागे. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. आज झोपलेला मनुष्य उद्या उठेल किंवा नाही, हे कोणासही सांगवत नव्हते.

ह्या रोगावर त्या काळी औषधे देत, पण त्यांचा गुण थोडा वेळच येई. अमेरिकेत बोस्टन येथील डॉक्टर पॉल झोल ह्यांनी १९५२ साली छातीच्या कातडीवरून विजेचे धक्के देऊन हृदय चालते ठेवण्याची युक्ती काढली होती. तिने प्राण वाचत, परंतु ते धक्के फार वेदना देणारे असत. पुढे हृदयाच्या मांसास तार जोडून ती कातडीतून बाहेर काढावी व बाहेरील यंत्रास लावावी, अशी दुसरी रीत निघाली. तीत वेदना कमी. पण तार ज्या छिद्रातून बाहेर येई त्याच छिद्रातून रोगजंतू आत शिरत. ह्यावरून कॅरोलिन्स्का येथील शस्त्रवैद्य ओके सेनिंग ह्यांच्या मनात आले की, यंत्रच कातडीखाली बसविता आले तर बाहेर छिद्र राहणार नाही. रूने एल्मक्विस्ट नामक गृहस्थ त्यांच्या साहाय्यास होते. हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, पण धंद्याने इंजिनियर झालेले होते, आणि एलेमा-शोनांडर ह्या कंपनीत वैद्यकीय उपकरणे बनवीत असत. दोघांचे प्रयोग जनावरांवर चालले होते. माणसासाठी एकही यंत्र तयार झाले नव्हते.

येथे लार्सन ह्यांच्या पत्नीचे नाव सांगितले पाहिजे. कारण तिच्यावाचून ही कथा घडलीच नसती. तिचे नाव एल्स-मारी. ह्या प्रयोगांची वार्ता तिच्या कानी आली, तेव्हा ती थेट सेनिंग ह्यांजकडे गेली. त्यांनी तिला प्रामाणिकपणे सांगितले की प्रयोग पुरे झालेले नाहीत आणि मनुष्याच्या अंगात घालण्याजोगे यंत्र आपणापाशी नाही. तिने उत्तर दिले की, नसेल तर करावे. तेथून ती एल्मक्विस्ट ह्यांजकडे गेली. त्यांनीही तेच सांगितले. मग ती पुन्हा इस्पितळात आली, पुन्हा कारखान्यात गेली. एका दिवसात तिने अशा कित्येक खेपा घातल्या. ती वैद्य नव्हती, यंत्रशास्त्रही तिला येत नव्हते. पण आपल्या पतीच्या दिवसाचा प्रत्येक तास कसा जातो हे तिला जितके ठाऊक होते तितके त्या दोघांसही नव्हते. यंत्र बिघडण्याचा धोका एकीकडे आणि यंत्रावाचून मरण दुसरीकडे, असे तिने त्यांजपुढे मांडले. अखेर दोघेही कबूल झाले.

एल्मक्विस्ट ह्यांनी थोड्याच दिवसांत दोन यंत्रे तयार केली. आत दोन ट्रान्झिस्टर व पुन्हा भरता येण्याजोगी निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी होती. हे सर्व सामान घट्ट होणाऱ्या राळेत ओतून बंद करावयाचे होते, पण त्यास साचा नव्हता. तेव्हा बुटांच्या पॉलिशचा गोल डबा घेऊन त्यात ते ओतले. ह्यामुळे त्या यंत्राचा आकार त्या डबीसारखाच झाला : रुंदी सुमारे ५५ मिलिमीटर व जाडी सुमारे १६ मिलिमीटर. यंत्रातून दोन तारा निघून हृदयास जोडल्या जात व मिनिटास ठराविक ठोके पडत. बॅटरी उतरली म्हणजे पोटाच्या कातडीवर बाहेरून तारेचे वेटोळे ठेवून ती भरावयाची, अशी योजना होती.

८ ऑक्टोबर १९५८ च्या संध्याकाळी, इस्पितळातील गर्दी ओसरल्यावर, सेनिंग ह्यांनी शस्त्रक्रिया केली. छाती उघडून हृदयाच्या पृष्ठभागास तारा टाचल्या आणि यंत्र पोटाच्या कातडीखाली बसविले. हृदय नियमाने चालू लागले. परंतु हा आनंद फार वेळ टिकला नाही. काही तासांतच यंत्र बंद पडले. एल्मक्विस्ट ह्यांनी दोन यंत्रे केली होती म्हणूनच निभावले. दुसरे ताबडतोब बसविण्यात आले. ह्याप्रमाणे जगातील पहिला पेसमेकर व त्याच्या जागी घातलेला पहिला बदली पेसमेकर ह्यांमध्ये एका दिवसाचेही अंतर नव्हते. दुसरेही फार काळ टिकले नाही, आणि लार्सन ह्यांस मध्यंतरी काही काळ यंत्रावाचून काढावा लागला. १९६०च्या दशकाच्या आरंभी अधिक चांगले यंत्र हाती आल्यावर त्यांची प्रकृती स्थिर होत गेली.

ह्यापुढील त्यांचे आयुष्य पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. जो मनुष्य खाटेवरून उठू शकत नव्हता, तो पुन्हा आपल्या कामावर जाऊ लागला. जहाजांवरील विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे त्यांचे काम होते. त्यांनी परदेशी प्रवास केले. वैद्यांच्या सभांस जाऊन ते पेसमेकरची थोरवी सांगत, आणि जे रुग्ण यंत्र बसवून घेण्यास भीत त्यांस ते स्वतःच्या उदाहरणाने धीर देत. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ते ४३ वर्षे जगले. ह्या काळात त्यांच्या अंगात निरनिराळ्या बनावटीची वीसांहून अधिक यंत्रे एकामागून एक बसविण्यात आली. त्या मानाने पाहिले असता, यंत्र बदलणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणीही जाणत नसेल.

हे बदल कशामुळे घडत, हे समजले पाहिजे. प्रारंभीच्या यंत्रांत बॅटरी लवकर उतरे, तारा तुटत, ओलावा आत शिरे. शिवाय जुने यंत्र हृदय स्वतः चालत असले तरी ठोके देतच राही. १९६०च्या दशकाच्या मध्यास असे यंत्र निघाले की, हृदयाचा स्वतःचा ठोका पडला तर ते गप्प राहावे व न पडला तरच आपण ठोका द्यावा. १९७२ साली लिथियमची बॅटरी मनुष्याच्या अंगात प्रथम बसविण्यात आली. तिने वर्षे-दोन वर्षे चालणाऱ्या यंत्राचे आयुष्य कितीतरी वाढले. त्याच दशकात कातडी न कापता बाहेरूनच यंत्राची गती बदलण्याची सोय झाली. पुढे वरचा व खालचा असे दोन्ही कप्पे क्रमाने चालविणारी यंत्रे आली; आणि माणसाने श्रम केले असता गती वाढविणारी व तो निजला असता कमी करणारी यंत्रेही आली. लार्सन ह्यांच्या एका आयुष्यात हा सर्व इतिहास घडला. पॉलिशच्या डबीएवढा गोळा जाऊन त्याच्या जागी घड्याळाहून थोडी मोठी, टायटॅनियम धातूची चपटी पेटी आली.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५८ साली निवड करण्याजोगे काही नव्हते. जे यंत्र होते ते घ्यावे किंवा मरावे, एवढीच निवड होती. आज तसे नाही. पेसमेकरची बॅटरी उतरत आली म्हणजे नुसती बॅटरी बदलत नाहीत. पेटी पक्की बंद असल्यामुळे सबंध पेटीच काढून नवी घालतात. जुन्या तारा चांगल्या असल्या तर त्याच नव्या पेटीस जोडतात. हा प्रसंग साधारणपणे सात ते बारा वर्षांनी येतो, आणि त्या वेळी कोणती पेटी घालावी ह्याविषयी खरोखर अनेक मार्ग खुले असतात. पुष्कळ रुग्ण मात्र समजतात की, ही वैद्याची गोष्ट आहे, आपण तोंड उघडणे म्हणजे उद्धटपणा. एल्स-मारी बाईंनी असे मानले असते तर त्यांचे पती ४३व्या वर्षीच निवर्तले असते.

रुग्णाने काय सांगावयाचे? तर आपले नित्याचे जीवन. गती आपोआप वाढविणाऱ्या पुष्कळ पेट्या शरीराच्या हालचालीवरून श्रम ओळखतात. चालणाऱ्या माणसाचे धड हलते, म्हणून पेटीस श्रम कळतात. पण सायकल चालविणाऱ्याचे पाय फिरतात व छाती जवळजवळ स्थिर असते. म्हणून चढावर त्यास दम लागला तरी पेटी गती पुरेशी वाढवीत नाही. उलट खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसते बसले असता धक्क्यांमुळे काही पेट्या विनाकारण गती वाढवितात. काही पेट्या श्वासाच्या वेगावरून श्रम ओळखतात. सायकलवाल्यास त्या अधिक सोयीच्या पडतात. आता हा मनुष्य रोज सायकलवरून तीन कोस जातो, हे वैद्यास कसे कळावे? ते रुग्णानेच सांगितले पाहिजे. तसेच जो खांद्यावर पोती, कावड किंवा औजारे वाहतो त्याने कोणता खांदा वापरतो ते सांगावे. कारण पेटी गळपट्टीच्या हाडाखाली बसवितात, आणि ओझ्याच्या घासण्याने ती जागा दुखावते. वेल्डिंगचे काम करणाऱ्याने ते आवर्जून सांगावे, कारण अशा जोरदार विजेने यंत्राच्या कामात व्यत्यय येण्याचा संभव असतो. मोबाइल फोन मात्र बहुतेकांस वापरता येतो. तो पेटीपासून एक वीत दूर, दुसऱ्या बाजूच्या कानास धरावा आणि छातीवरील खिशात ठेवू नये.

आणि रुग्णाने काय विचारावयाचे? प्रथम हे की, ही पेटी किती वर्षे पुरेल. दर बदलाच्या वेळी जुनी जखम पुन्हा उघडावी लागते, आणि बदलाच्या शस्त्रक्रियेत रोगजंतूंची बाधा होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. म्हणून पेटी थोडी मोठी असली तरी अधिक वर्षे टिकणारी बरी, की लहान व न दिसणारी बरी, हा निर्णय ज्याच्या अंगात ती राहावयाची त्याच्या मताशिवाय होऊ नये. दुसरे हे की, पुढेमागे एमआरआय यंत्राने शरीराचे चित्र काढावे लागले तर ही पेटी व ह्या तारा मिळून त्यास योग्य आहेत काय. नुसती पेटी योग्य असून पुरत नाही. तिसरे हे की, तपासणीस किती वेळा यावे लागेल, आणि घरी बसून यंत्राची माहिती इस्पितळास पोचविण्याची सोय आहे काय. दूरच्या खेड्यात राहणाऱ्यास, ज्याची एक दिवसाची मजुरी तालुक्याच्या खेपेत बुडते, ह्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. चौथे खर्चाविषयी : अमुक किमतीच्या व तमुक किमतीच्या पेटीत नेमका फरक काय, तो फरक आपल्या उपयोगाचा आहे काय, आणि सरकारी आरोग्य योजनेतून खर्च मिळतो किंवा कसे. महाग वस्तू प्रत्येक वेळी आपल्याच उपयोगाची असते असे नाही.

असे विचारल्याने वैद्याचा मान कमी होत नाही. कोणता रोग आहे, एक कप्पा चालवावयाचा की दोन, तारा चांगल्या आहेत की नाहीत, हे ठरविण्याचे ज्ञान वैद्यापाशी आहे, आणि त्यात त्याचा सल्ला मानला पाहिजे. पण रात्री चक्कर येते काय, विहिरीवरून घागर आणताना दम लागतो काय, पेटीची जागा दुखते काय, ह्याचे ज्ञान रुग्णापाशी आहे. दोन्ही ज्ञाने एकत्र आली तरच निवड बरोबर होते. सेनिंग ह्यांचा हात, एल्मक्विस्ट ह्यांची बुद्धी आणि एल्स-मारी बाईंचा आग्रह, ह्या तिन्ही गोष्टी मिळाल्या म्हणूनच पहिला पेसमेकर बसला. त्यांतील एकही वगळता आली नसती.

त्या वेळी ह्या यंत्राचे भवितव्य कोणासही ठाऊक नव्हते. स्वतः एल्मक्विस्ट ह्यांस तो कारागिरीचा एक नवलाचा नमुना वाटला होता. त्यापासून लाखो लोकांस जीवन मिळेल असे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. १९६० साली दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात त्यांच्याच बनावटीचे यंत्र एका रुग्णास बसविण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो शहरी इंजिनियर विल्सन ग्रेटबॅच व शस्त्रवैद्य विल्यम चार्डॅक ह्यांनी आपल्या बनावटीचे यंत्र बसविले. तेथून हा उपाय सर्व जगात पसरला. आज आपल्या देशातही मोठ्या शहरांतील सरकारी व खासगी इस्पितळांतून पेसमेकर बसविण्यात येतात, आणि खेड्यापाड्यांतही तो अंगी वागविणारी माणसे आढळतात.

एल्मक्विस्ट १९९६ साली वारले; सेनिंग २००० साली वारले. ज्या रुग्णाच्या उद्याची खात्री त्या दोघांसही देता येत नव्हती, तो रुग्ण त्या दोघांच्याही मागे जगला. २८ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, आर्ने लार्सन ह्यांनी देह ठेवला. मृत्यूचे कारण हृदय नव्हे, तर कातडीचा कर्करोग होते. त्यांचे हृदय अखेरपर्यंत चालत राहिले होते.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, किंवा शेजारी, पेसमेकर असलेले वडील मनुष्य असेल. त्यांच्यापाशी यंत्राची माहिती लिहिलेले एक कार्ड असते. ते पेटीत कुलूपबंद न ठेवता नेहमी बरोबर ठेवावे, आणि इस्पितळात जाताना प्रथम दाखवावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांचे कार्ड वाचून दाखविणे, त्यांच्या शंका कागदावर लिहून देणे, आणि बदलाचा दिवस ठरण्यापूर्वी त्यांच्याबरोबर वैद्याकडे जाऊन त्या विचारणे, हे काम लिहिता-वाचता येणाऱ्या कोणाही शेजाऱ्यास करता येईल. सोलना येथील त्या बाईने ह्याहून अधिक काही केले नव्हते. ती दारोदार गेली, तिने विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत ती परत परत गेली.